कडा धड असेल तर छत्री

बाळ दूध ओढता ओढता मध्येच थांबतं, धाप लागते, आणि निफाडच्या कडाक्याच्या थंडीतही कपाळावर घाम फुटतो. वजनही जागचं हलत नाही. अशा वेळी हृदयात छिद्र असू शकतं, टॉनिकवर महिने घालवू नयेत. सुरगाणा-पेठच्या अंगणवाड्यांतही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यांनी छातीत वेगळा आवाज ऐकून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितला, तर तो करायचाच.

इकोत छिद्र निघालं की आईवडील आधी विचारतात, ‘बिनटाक्याचं होईल का?’ म्हणजे छाती न उघडता, नळीतून छत्री बसवून छिद्र बुजवता येईल का. ते ठरतं छिद्राची जागा आणि त्याची कडा पाहून.

वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या मधोमध छिद्र असेल आणि भोवती साधारण 5 मिलिमीटर कडा असेल, तर छत्री बसते. महाधमनीकडची कडा कमी असली तरी बहुधा निभावतं. खालच्या महाशिरेकडची नसेल तर छत्रीला धरायलाच काही नसतं. छत्री म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या तारांची जाळी, दोन चकत्या आणि मधे बारीक कंबर. जांघेतल्या शिरेतून नळी छिद्रापार डाव्या कप्प्यात नेतात. नळीतली हवा आधी पूर्ण काढावी लागते. राहिलेला बुडबुडा थेट मेंदूकडे जाऊ शकतो. डावी चकती उघडून पडद्याला टेकवायची, मग उजवी उघडायची. छत्रीला जोडलेली तार सोडण्याआधी छत्री मागेपुढे हलवून पाहतात. सैल वाटली तर परत नळीत ओढता येते. सोडल्यावर निसटली, तर फास टाकून पकडावी लागते, आणि तेही जमलं नाही तर छाती उघडावी लागते. म्हणूनच लहान मुलांचे हृदयशल्यविशारद हाताशी असतील तिथंच हे करून घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे.

खालच्या कप्प्यांमधल्या छिद्राचं गणित वेगळं. झडपांजवळच्या छिद्राच्या कडेनंच ठोक्यांचा विद्युतसंदेश नेणारा तंतू जातो. छत्रीचा दाब त्यावर पडला तर संदेश तुटतो आणि पेसमेकर लागू शकतो. तिथं बऱ्याचदा टाके घालून ठिगळ लावणंच बरं.

आणि काही बाळांना शस्त्रक्रिया आणि नळीतून उपचार, दोन्ही लागतं. स्नायूंच्या भागातलं मोठं छिद्र असलेलं चार-पाच किलोचं बाळ घ्या. त्याच्या शिरा नळीसाठी फार बारीक असतात आणि सर्जनला ते छिद्र स्नायूंच्या जाळीआड नीट दिसत नाही. मग सर्जन छाती उघडतात, धडधडत्या हृदयाच्या उजव्या भिंतीतून सुई घालतात आणि इकोवर बघत कॅथेटरवाले (नळीतून उपचार करणारे) डॉक्टर तिथूनच छत्री बसवतात. हृदय थांबवावं लागत नाही. टेट्रालॉजीच्या (छिद्रासोबत फुप्फुसाकडची वाटही अरुंद असलेल्या जन्मजात दोषाच्या) निळ्या पडणाऱ्या तान्ह्या बाळाला आधी स्टेंट (वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी) घालून फुप्फुसाकडचं रक्त वाढवतात आणि वजन वाढल्यावर मोठी शस्त्रक्रिया करतात.

जांघेतून छत्री बसवल्यावर काही तास पाय सरळ ठेवायचा. पाय गार किंवा फिकट पडला तर लगेच नर्सला सांगायचं. वरच्या पडद्याच्या छत्रीनंतर साधारण 6 महिने डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसात ॲस्पिरिन चालते. त्या काळात दात काढायचा झाला, तर छत्रीचं कार्ड दातांच्या डॉक्टरांना आधी दाखवायचं. अँटिबायोटिक त्या आधीच द्यावं लागतं.