अ शॉर्ट हाइक

कॅनडातील डेव्हलपर अ‍ॅडम रॉबिन्सन-यू यांनी तयार केलेला, डोंगर चढण्याविषयीचा छोटा साहसी व्हिडिओ गेम. एप्रिल २०१९ मध्ये तो हंबल बंडल या गेम विकणाऱ्या संकेतस्थळाच्या मासिक सदस्यांना मिळाला आणि ३० जुलै २०१९ रोजी विंडोज, मॅकओएस व लिनक्सवर सर्वांसाठी खुला झाला. निन्टेन्डो स्विचवर तो २०२० मध्ये, तर प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर २०२१ मध्ये आला. नुसते शिखर गाठायचे म्हटले तर दीड-दोन तासांत तो संपतो. निवांतपणे खेळायच्या, निसर्गात रमणाऱ्या गेमांची यादी निघाली, की हे नाव त्यात हमखास असते.

गेमची नायिका क्लेअर ही एक पक्षी आहे. इथली सगळीच पात्रे प्राणी नाहीतर पक्षी आहेत. सुट्टीत ती हॉक पीक प्रोव्हिन्शियल पार्कमध्ये आंट मेकडे येऊन राहिली आहे. आंट मे तिथली रेंजर, म्हणजे उद्यानाची देखरेख करणारी. उद्यान एका बेटावर आहे. उद्यान काल्पनिक असले, तरी नावाची धाटणी अस्सल कॅनेडियन आहे; तिथल्या प्रांतिक सरकारांनी राखलेल्या उद्यानांना असेच म्हणतात. क्लेअर एका महत्त्वाच्या फोनची वाट पाहते आहे आणि बेटावर मोबाइलला रेंज नाही. रेंज मिळते ती फक्त शिखरावर. एवढ्याच कारणासाठी ती निघते. कथेला यापेक्षा मोठे निमित्त लागत नाही.

चढाईचे सगळे गणित सोनेरी पिसांवर बेतलेले आहे. क्लेअर कोणताही कडा चढू शकते, पण चढताना तिची पिसे एकेक करून खर्ची पडतात आणि ती संपली की हात सुटतो. पाय जमिनीला लागले, की पिसे पुन्हा भरतात. हवेत असताना एक पीस खर्च करून आणखी एक उडीही मारता येते. त्यामुळे हाताशी दोन पिसे असताना अशक्य वाटणारा कडा पाच पिसे झाल्यावर सहज चढता येतो. शिखराजवळच्या थंडीत पिसे गोठतात आणि एरवीसारखी लगेच भरत नाहीत. तिथे जरा हिशेबाने चढावे लागते. गेममधली कठीण म्हणावी अशी जागा जवळपास एवढीच. पडल्याची शिक्षाही नाही. उडी मारून बटण दाबून धरले, की क्लेअर पंख पसरून तरंगत खाली येते, आणि चुकून सुटलेला कडा बहुतेक वेळा बेटाचा न पाहिलेला कोपरा दाखवून जातो.

पिसे काही विकत मिळतात, काही आडवाटांवर दडलेली असतात, काही कुणाचे काम केल्यावर हाती येतात. धावण्याचा सराव करणाऱ्या एका सशाची लकी हेडबँड हरवली आहे. एक चित्रकार बेटावर जागा बदलत चित्रे काढतो आणि एकाही चित्रावर खूश नसतो. समुद्रकिनाऱ्यावर काठीने चेंडू टोलवायचा खेळ आहे, मासेमारी आहे, फावड्याने खणायच्या जागा आहेत. यातले काहीही न करता वर गेले तरी चालते, मात्र पुरेशी पिसे हवीत. म्हणजे शिखराकडे जायचे तर भटकावे लागतेच, पण कुठे आणि किती हे खेळाडूने ठरवायचे. या गेमची खरी हुशारी इथे आहे. बेटाचा नकाशा मुद्दाम दिलेला नाही. पाट्या आहेत, शोधल्यास होकायंत्र सापडते, बाकी वाट नजरेने धरायची.

दृश्ये त्रिमितीय असली, तरी पडद्यावर ती ठळक पिक्सेलमध्ये उमटतात. निन्टेन्डो डीएस या जुन्या हातातल्या गेमयंत्रावर खेळलेल्यांना ही रूपरेखा ओळखीची वाटते. पिक्सेल किती मोठे दिसावेत हे सेटिंग्जमध्ये बदलता येते. ते बारीक केले तर चित्र स्वच्छ होते खरे, पण पानगळीचे रंग आणि पाण्याची चमक मोठ्या पिक्सेलमध्येच अधिक खुलते, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत. मार्क स्पार्लिंग यांचे संगीत परिसरानुसार बदलत जाते. एक धून संपून दुसरी सुरू झाली असे वाटत नाही. वाद्ये हळूच वाढतात किंवा ओसरतात.

शिखरावर अखेर फोन येतो. तो आईचा असतो. तिची शस्त्रक्रिया झालेली आहे. संभाषण छोटे आहे आणि त्यात रडारड नाही. मग डोंगरावरून वर उसळणाऱ्या वाऱ्यावर स्वार होऊन क्लेअरला आख्ख्या बेटावरून तरंगत परतता येते. पायी चढलेली वाट तेव्हा एका नजरेत दिसते.

हा गेम हाती घेतला तेव्हा रॉबिन्सन-यू एका मोठ्या रोल-प्लेइंग गेमवर (पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेमवर) काम करत होते. त्यातून विश्रांती म्हणून घेतलेले हे काम काही महिन्यांत पूर्ण झाले. मार्च २०२० मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल या स्वतंत्र निर्मात्यांच्या गेमांच्या महोत्सवाचा सर्वोच्च मान असलेले शेमस मॅकनॅली ग्रँड प्राइझ या गेमला मिळाले. कोविडमुळे त्या वर्षी सोहळा ऑनलाइन झाला. हा पुरस्कार २००० साली ऐन तरुणपणी वारलेल्या एका कॅनेडियन गेम-प्रोग्रामरच्या नावाने दिला जातो. रमतगमत खेळण्यासाठी केलेल्या या गेमवरही स्पीडरनर, म्हणजे कमीत कमी वेळात गेम संपवण्याची स्पर्धा करणारे खेळाडू, तुटून पडले. शिखराची चढाई ते काही मिनिटांत उरकतात.