हॉटेलच्या रूममधल्या वस्तू घरी नेणे

हॉटेलात उतरलेल्या गेस्टने निघताना रूममधलं काहीबाही बॅगेत भरणं. बोलीत ह्याला सरळ ढापणं म्हणतात, पण त्यातलं सगळंच ढापणं नसतं आणि घोळ तिथेच होतो.

हिशोब तसा सोपा आहे. जे वापरून संपतं किंवा एकदा फोडलं की पुढच्या गेस्टला देता येत नाही ते तुमचं, म्हणजे छोटा साबण, शाम्पूची बाटली, टूथब्रशचा किट, शॉवर कॅप, चहा-कॉफीची पाकिटं, रोजच्या दोन फुकट पाण्याच्या बाटल्या, पातळ स्लिपर. जे धुऊन-पुसून पुढच्याला द्यायचंय ते हॉटेलचं, टॉवेल, बाथरोब, चादर, किटली, हेअर ड्रायर, हँगर, रिमोटचे सेल (हो, सेलसुद्धा काढून नेतात लोक). मिनीबार, म्हणजे रूममधल्या छोट्या फ्रिजमधलं खाणंपिणं, हा तिसराच प्रकार, खा बिनधास्त पण बिलात लागतं. आणि ड्रॉवरमधलं बायबल? गिडियन्स नावाची संस्था 1908 पासून ती हॉटेलांत ठेवतेय आणि कुणी नेलं तर त्यांना उलट आनंदच असतो.

'रूमचे एवढे पैसे भरलेत ना' हे नेहमीचं समर्थन, पण भाडं रात्रीचं असतं, टॉवेलचं नाही. आपल्याकडे फुकट ते पौष्टिक म्हणायची सवय आहे हे खरं, तरी हा काही फक्त भारतीय रोग नाही. अमेरिकेत हॉलिडे इन ह्या चेनने 2003 मध्ये चक्क टॉवेल माफी दिवस ठेवला होता, नेलेल्या टॉवेलचा किस्सा सांगा आणि माफी मिळवा. 2019 मध्ये बालीतला व्हिडिओ फिरला ज्यात एका भारतीय कुटुंबाच्या बॅगा हॉटेलबाहेर उघडल्या आणि आतून हँगर, हेअर ड्रायर वगैरे निघत गेलं, तो बघताना आपल्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. आणि रेल्वेचं काय बोलावं, 2017-18 मध्ये एकट्या पश्चिम रेल्वेच्या गाड्यांतून जवळपास 1.95 लाख टॉवेल गेले, तेही टॉवेल म्हणण्यापेक्षा रुमालच.

हॉटेलवालेही शहाणे झालेत. आकडा नसलेले हँगर जे घरच्या दांड्यावर लटकतच नाहीत, टॉवेलमध्ये शिवलेली चिप, बाथरूमच्या भिंतीला ठोकलेला शाम्पूचा पंप. पंपाचं कारण मात्र चोरीपेक्षा प्लास्टिक आणि खर्च, कॅलिफोर्नियात तर 50 पेक्षा जास्त खोल्यांच्या हॉटेलांना 2023 पासून छोट्या प्लास्टिक बाटल्या ठेवायला बंदीच आहे. साध्या लॉजवर जुनाच उपाय, किल्लीला एवढा मोठा लाकडी ठोकळा की खिशात मावूच नये.

कायद्याने ही चोरीच, भारतीय न्याय संहिता कलम 303. माल 5000 रुपयांच्या आतला, पहिलाच गुन्हा आणि वस्तू किंवा किंमत परत केली तर शिक्षा म्हणून सामुदायिक सेवा. प्रत्यक्षात पोलिसांपर्यंत क्वचितच जातं. तुम्ही काउंटरवर बिल भरत असता तेवढ्यात रिसेप्शनवाला वर फोन लावून रूम चेक करायला सांगतो, हाउसकीपिंगचा पोरगा दोन मिनिटांत टॉवेल मोजतो आणि कमी भरला तर 'सर, एक टॉवेल चुकून बॅगेत आलाय का बघता का' असं अगदी गोड आवाजात विचारतात. चुकून हा शब्द ते मुद्दाम घालतात.