'पहिला पाऊस' नावाची उदबत्ती आणि आपलं नाक

मागच्या मे महिन्यात 'पहिला पाऊस' असं लिहिलेला उदबत्तीचा पुडा आणला. बाहेर मरणाचा उकाडा, आणि दुकानात पुडा नाकाला लावला तर खरंच वळवाची सर पडून गेल्यासारखं वाटलं. घरी पेटवली तर पाच मिनिटांत खोलीभर नुसता गोडसर धूर, पाऊस कुठेच नाही (आणि देवासमोर लावायची वस्तू आधी हुंगतात का, म्हणून आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच). फसवलं म्हणून जाम चिडलो होतो, पण नंतर जरा वाचलं तेव्हा कळलं की दोष सगळा उदबत्तीवाल्याचा नाही.

मातीच्या वासात मोठा वाटा जिओस्मिनचा. हे रसायन मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू बनवतात आणि आपलं नाक त्याच्या बाबतीत भलतंच तिखट आहे, लिटरभर पाण्यात 10 नॅनोग्रॅमच्या (एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) आसपास असलं तरी बऱ्याच जणांना कळतं. बीट मातकट लागतं ते यामुळेच. नळाच्या पाण्याला कधीकधी कुबट वास येतो तोही बऱ्याचदा याचाच, म्हणजे तोच वास अंगणातून आला की आपण डोळे मिटून घेणार आणि ग्लासातून आला की तक्रार करणार! जोडीला कोरड्या दिवसांत दगडमातीत मुरलेली झाडापानांची तेलं असतात. या वासाला 1964 साली ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी पेट्रिकोर हे नाव दिलं. तो जमिनीतून वर कसा येतो हे 2015 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या लोकांनी हायस्पीड कॅमेऱ्यात पकडलं: थेंब सच्छिद्र मातीवर आपटला की खाली हवा अडकते, तिचे बुडबुडे थेंबातून वर येऊन फुटतात आणि बारीक तुषार उडतात. सोड्याच्या ग्लासावर उडतात ना, तसेच.

म्हणजे हा वास पाणी उडवतं. आणि आपण तो आगीकडून मागतोय.

साधी उदबत्ती म्हणजे बांबूची काडी, तिच्यावर कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकटायला जिगट (झाडाच्या सालीची चिकट पूड), मग ती वाळवून सुगंधी तेलात बुडवायची. टोकाचा निखारा कित्येकशे अंश तापलेला असतो, तिथे वासाचे रेणू जळून मोडतात. चांगला वास येतो तो निखाऱ्याच्या अगदी खालच्या गरम पट्ट्यातून, आग पोचायच्या आत तेल उडून जातं तिथून. लिंबासारखे, हिरव्या पानासारखे हलके वास भराभर उडतात, खस आणि चंदनाचे रेणू जड, ते दम धरतात. आणि या सगळ्यावर धुराचा स्वतःचा वास बसतो. त्यामुळे पुडा हुंगून उदबत्ती पसंत करणं म्हणजे कच्चं पीठ चाखून भजी कशी झालीत ते सांगण्यासारखं आहे.

मग पारख करायची कशी? पेटवून खोलीबाहेर जायचं, दहा मिनिटांनी परत यायचं आणि दारातून आत येतानाचा पहिला श्वास काय सांगतो ते बघायचं, कारण आत बसून राहिलात तर नाक सरावतं आणि काहीच कळेनासं होतं. अत्तराच्या दुकानात मध्येच कॉफीच्या बिया हुंगायला देतात, पण तपासून बघितलं तेव्हा साध्या हवेपेक्षा त्यांचा जास्त उपयोग दिसला नाही.

आणि नाव बघायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. 2005 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी लोकांना एकच वास दोनदा दिला, एकदा 'चेडर चीज' म्हणून आणि एकदा 'अंगाचा वास' म्हणून, तर चीज म्हटल्यावर लोकांना तोच वास जास्त बरा वाटला, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येसुद्धा फरक दिसला.

मीही घरी गंमत केली. शेजारच्या काकू आल्या तेव्हा साधी खसाची काडी लावली आणि 'पहिला पाऊस' आहे म्हणून सांगितलं. काकू म्हणाल्या, "अय्या, अगदी आमच्या गावच्या अंगणात सडा टाकल्यासारखं!"

खरा मातीचा वास बाटलीत भरतात तो उत्तर प्रदेशातल्या कनौजला. भाजलेल्या मातीचे तुकडे पाण्यासोबत तांब्याच्या देगेत उकळतात आणि ती वाफ नळीतून चंदनाच्या तेलात उतरवतात, तेच मिट्टी अत्तर. तिथेही चूल आहेच, पण वास उचलून नेते ती पाण्याची वाफ.

माझ्या उरलेल्या काड्या आता कपाटात आहेत, न पेटवता, कपड्यांच्या घडीत. तिथे छान वास येतो. काकूंना मात्र खसाचा पुडा आणून दिला, अजून काही सांगितलेलं नाही.