नाव काढणाऱ्या पोरांचं ओझं: कोल्हापूरची पार्श्वभूमी

कोल्हापुरात एखाद्या पोराचा गळा बरा आहे किंवा एखादी पोरगी चित्रं छान काढते, ही बातमी घरात राहत नाही. आधी गल्लीला कळतं, मग तालमीला, आणि गणपतीत मंडळाच्या स्टेजवर त्या पोराचं नाव पुकारलं जातं. ‘पोरगं नाव काढणार’ असं शेजारचे काका म्हणतात ते मायेनंच. पण तिथून पुढं ते गाणं त्या पोराचं एकट्याचं उरत नाही. कलाकारांचं नैराश्य आणि स्पर्धेत उतरलेल्या मुलांवरचा ताण यांवर हल्ली बरंच बोललं जातं, आणि सगळा दोष मोबाईलवर ढकलला जातो. या गावाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर दुखणं बरंच जुनं निघतं.

केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. वडील लवकर गेले, घरात दारिद्र्य. आईनं मुलांना स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत घातलं. विटीदांडू खेळायचं वय तालमीत आणि प्रवासात गेलं. ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेनं पोरवयातच त्यांचं नाव झालं. १९०८ साली, जेमतेम सतरा-अठरा वर्षांचे असताना, त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली. तेव्हाची नाटक मंडळी म्हणजे गावोगाव हलणारं बिऱ्हाड. नट, साथीदार, पडदे ओढणारे, आचारी, कपडेपट सांभाळणारे अशा सगळ्यांची चूल मुख्य नटाच्या गळ्यावर पेटायची. घसा बसला की खेळ रद्द, आणि खेळ रद्द झाला की कर्ज.

जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं, म्हणजे दोन मंडळींनी एकत्र येऊन केलेला ‘मानापमान’ नाटकाचा प्रयोग. बालगंधर्व नायिका भामिनी, केशवराव नायक धैर्यधर. दोघांच्या चाहत्यांत तेव्हा तट पडलेले, त्यामुळे कोण कोणाला गाण्यात मागं टाकतो हे बघायला लोक जमले होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव विषमज्वरानं गेले. वय एकतीस. त्यांच्या मृत्यूला ताणाचं लेबल चिकटवणं चुकीचं ठरेल. ताप तो ताप. मात्र पाच-सहा वर्षांच्या मुलावर कुटुंबाच्या भाकरीचा भार टाकणं तेव्हा कोणालाच खटकलं नव्हतं, एवढं त्यांच्या चरित्रातून दिसतं. शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढं त्यांचं नाव दिलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं, तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. कलाकारावर प्रेम करण्यात हे गाव कमी पडत नाही.

बालगंधर्वांची गोष्ट तर घराघरात माहीत आहे. शाहू महाराजांच्या पाठिंब्यानं ते १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले. १२ मार्च १९११ ला मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. रात्री ते भामिनीच्या वेशात उभे राहिले. रसिकांवरची निष्ठा म्हणून ही गोष्ट शंभर वर्षं कौतुकानं सांगितली जातेय. त्या रात्री पडदा उघडला नसता तर रसिक मायबापांनी काय केलं असतं, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. मला तरी हा प्रसंग ऐकताना अभिमानापेक्षा धास्ती जास्त वाटते. कारण हीच गोष्ट आजही स्टेजवर जाणाऱ्या, ताप अंगात असलेल्या पोराला सांगितली जाते.

याच काळात, याच गावात, याच्या अगदी उलट उदाहरणही घडलं. ते गवई उस्ताद अल्लादिया खाँ यांचं. त्याची सुरुवात मात्र ते कोल्हापूर दरबारी येण्याआधीची. आमलेट्याच्या संस्थानात मालकाची ऐकण्याची हौस भागवता भागवता त्यांनी इतकं गायलं की आवाजच गेला. गवयाचा आवाज जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. बराच काळ ते गाऊ शकले नाहीत. आवाज परतला तोही पूर्वीचा नव्हता. बदललेल्या गळ्याला पेलेल अशी पेचदार, लयीशी घट्ट बांधलेली गायकी त्यांनी घडवली, आणि जयपूर-अत्रौली घराण्याचं वेगळेपण तिथून आलं असं जाणकार मानतात. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी ठेवून घेतलं. १९२२ साली महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला निघाले, तोवर दोन तपांहून अधिक काळ कोल्हापूर त्यांचं घर होतं. शिष्यांची तालीम सुरू राहिली आणि रोज नवी मैफल जिंकून दाखवायची सक्ती नव्हती. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी १९६० च्या दशकात आपला गळा आपल्याच कसोटीला उतरेना असं दिसताच जाहीर गाणं बंद केलं. एवढं ठामपणे थांबणं फार थोड्यांना जमलं, आणि परवडलंही.

राजाश्रय म्हणजे नुसतं सुख असंही नव्हे. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, १८८८ साली व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळवलं आणि कोल्हापूरला परतून कोटीतीर्थाच्या काठी राहिले. दरबारचे चित्रकार, पण स्वभावानं एकांडे. चित्रं विकण्यात त्यांना रस नव्हता. शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली चित्रं नष्ट केली अशी आख्यायिका आहे. कोणी म्हणतं जाळली, कोणी म्हणतं तळ्यात सोडली. १९३१ मध्ये ते गेले. ही कथा कोल्हापुरात ‘अवलिया कलावंत’ या मथळ्याखाली सांगतात. आख्यायिका खरी मानली तर ते शोकात बुडालेल्या एकट्या माणसाचं चित्र आहे, आणि आधाराचा एकच खांब होता तो कोसळला होता. अवलियापणाचं हे कौतुक आपल्याला सोयीचं पडतं. अवलियाची विचारपूस करावी लागत नाही.

सिनेमा आला तसा आश्रयदाता बदलला. बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्याच हाताखाली घडलेली माणसं बाहेर पडली आणि त्यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. १९३३ ला ती पुण्याला गेली. बाबूराव पुढं पुन्हा कुंचल्याकडे आणि शिल्पाकडे वळले. बोलपट बनवणाऱ्यांच्या शर्यतीत ते मागं पडले असं कोणी म्हणेल, पण गावानं त्यांना ‘कलामहर्षी’ म्हणतच ठेवलं. एका कलेतून दुसऱ्या कलेत जाण्याची वाट त्यांच्यासाठी खुली राहिली.

वडील दीनानाथ १९४२ मध्ये गेले तेव्हा लता मंगेशकर बारा वर्षांच्या होत्या आणि मागं चार भावंडं होती. त्या चित्रपट दिग्दर्शक मास्टर विनायक यांच्या ‘प्रफुल्ल पिक्चर्स’मध्ये पगारावर लागल्या, ती कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती. तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभं राहणं आपल्याला कधी आवडलं नाही, हे त्यांनी पुढं मुलाखतींत स्पष्ट सांगितलं आहे. त्या लता मंगेशकर झाल्या म्हणून आपण या काळाला संघर्ष म्हणतो. ज्यांचं पुढं काही झालं नाही अशा कितीतरी पोरांच्या त्याच काळाला कसलंच नाव मिळालं नाही.

मराठीत ‘वेडा कवी’ म्हणण्याची सवय आहेच. प्रतिभा आणि वेड सख्खी भावंडं, या कल्पनेला शास्त्राचा मुलामा दिला इटलीच्या चेझारे लोंब्रोझो यांनी, १८६४ साली. त्यांचे बरेच सिद्धांत आता मोडीत निघाले, हा समज तेवढा टिकला. १९८७ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ नॅन्सी अँड्रियासन यांनी अमेरिकेतल्या ३० लेखकांची पाहणी केली. ८० टक्के लेखकांना कधी ना कधी भावावस्थेचा विकार (नैराश्यासारखा मनःस्थितीचा आजार) झालेला दिसला, इतर व्यवसायांतल्या तेवढ्याच लोकांत ३० टक्क्यांना. आकडा धक्कादायक असला तरी माणसं मोजकी होती. २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दहा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा चित्र बरंच निवळलं. सर्जनशील व्यवसायातल्या लोकांत मानसिक आजार एकंदरीत जास्त आढळले नाहीत. अपवाद द्विध्रुवी विकाराचा (अतिउत्साह आणि नैराश्य आलटून पालटून येण्याचा), आणि लेखकांचा. लेखकांत नैराश्य, व्यसन आणि आत्महत्या यांचं प्रमाण खरोखरच अधिक होतं.

आपल्या विषयाला जास्त लागू पडतं ते परिपूर्णतेच्या हट्टावरचं संशोधन. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये या हट्टाचे तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून निर्दोषपणाची अपेक्षा, इतरांकडून अपेक्षा, आणि ‘लोक माझ्याकडून निर्दोषपणा मागतात’ ही भावना. तिसरा प्रकार नैराश्याशी आणि आत्महत्येच्या विचारांशी जोडलेला आढळतो. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी एकत्र केली. तिन्ही प्रकार वाढलेले होते, पण तिसरा सर्वांत जास्त, ३३ टक्क्यांनी. हे आकडे रंकाळ्याच्या काठावरच्या पोरांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी आपल्याकडचा बदल डोळ्यांना दिसतो.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा जुन्या आहेत. इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीला मिळू लागले आणि रविवारचा चित्रांचा क्लास टक्केवारीच्या हिशोबात गेला. गाण्याचं तेच: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, आणि मध्येच कोणी विचारतं, ‘विशारद कधी?’ शाळेच्या गॅदरिंगचं गाणं संध्याकाळपर्यंत रील होऊन फिरतं. पूर्वी मैफल पडली तर चार आठवड्यांत विसरली जायची. आता पडलेली मैफलही फोनमध्ये जपून राहते, खाली अनोळखी माणसांच्या शेऱ्यांसकट. दरबारात एकाला खूश ठेवायचं असे, नाटक मंडळीच्या काळात एका थिएटरला. आज किती जणांना, हे कलाकारालाच माहीत नसतं, आणि त्यातला एकही जण त्याच्या पडत्या दिवसांत पगार देणारा नसतो.

कायदा थोडा पुढं सरकला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानसिक उपचार हा हक्क ठरवला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं. शिक्षेऐवजी काळजीची जबाबदारी सरकारवर टाकली. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन चालू आहे, तिथं मराठीत बोलता येतं. बालकलाकारांसाठी बालकामगार कायद्याचे २०१७ चे नियम आहेत. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, मिळकतीतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेवीत. मुलाच्या मर्जीविरुद्ध त्याला कामाला लावता येत नाही, हेही त्यात लिहिलं आहे. केशवरावांच्या लहानपणी यातलं एकही कलम नव्हतं. हे नियम चित्रीकरणाच्या सेटवर लागू होतात. पहाटे पाचला पोराला उठवून रियाजाला बसवणाऱ्या घराच्या दाराशी ते थांबतात, आणि तिथं ‘आज नको’ म्हणायचं झालं तर पोराला ते आपल्याच आईबापांना सांगावं लागतं.