गावाला देणगी देणं आणि गावाशी धंदा करणं

जत्रेच्या व्यासपीठावर एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘या घराण्याने गावासाठी खूप केलं.’ काय केलं म्हणून विचारावं, तर कमान, शाळेची बाकं, स्मशानशेड, रुग्णवाहिका अशी यादी येते. हे सगळं गावाच्या उपयोगाचंच आहे, पण ती देणगी झाली. एखाद्या घराच्या धंद्यामुळे आसपासच्या दहा-वीस गावांच्या चुली पेटतात, ती गोष्ट वेगळी. दोन्ही एकाच हातून होत असल्यामुळे लोक त्यांची गल्लत करतात, बातम्यांतही तेच छापून येतं. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण या गल्लतीचा भुर्दंड लहान माणसाला पडतो.

देणगी सगळ्यांच्या ओळखीची आहे, तिच्यावर फार लिहीत नाही. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च, हा तिचाच कायद्याने बांधलेला भाऊ. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे 500 कोटींची नक्त मालमत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी असेल तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. गावोगावचे बहुतेक कौटुंबिक धंदे भागीदारीत किंवा एकाच्या नावावर चालतात, त्यांना हे कलम लागूच होत नाही. ते देतात ते स्वखुशीने. ट्रस्टमार्फत दिलं की थेट, पावती कुणाच्या नावे फाडली, हे हिशेबनिसाने बघावं. एक मात्र लक्षात ठेवा. नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही, असं नियमच सांगतात. कायद्याने हे दोन खण वेगळे ठेवले आहेत, आपणच ते एकत्र करतो.

आता खरी मेख. देणगी नफ्यातून निघते, म्हणजे सगळ्यांचं देऊन झाल्यावर जे उरतं त्यातून. मालाचे पैसे आणि मजुरी नफ्याच्या आधी जातात. वर्ष वाईट गेलं की देणगी थांबते आणि त्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नाही. पण रोज घेतलेल्या मालाचे पैसे धंदा चालू आहे तोवर द्यावेच लागतात. गाव उभं राहतं ते या दुसऱ्या पैशावर.

सांगली जिल्ह्यातलं भिलवडी घ्या. 1939 मध्ये भास्कर गणेश चितळे यांनी कृष्णाकाठच्या या गावात दुधाचा धंदा सुरू केला. पुण्यात हे नाव घेतलं की बाकरवडी आठवते, पण त्या भागाशी या घराचं नातं दुधाचं आहे. दुधाच्या पट्ट्यात कुठल्याही संकलन केंद्रावर सकाळी सहाला जाऊन उभं राहा. बाई किटली ओतते, पोरगा नमुना मशीनला लावतो, फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांचे आकडे उमटतात, पावती हातात पडते. गायीचं दूध 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या खाली गेलं की दर कापला जातो, म्हणून तिची नजर आधी त्या आकड्यांवर जाते. दहा दिवसांनी बिल होतं. शेतकरी त्याला ‘दुधाचा पगार’ म्हणतात, आणि तो शब्द अगदी नेमका आहे. त्यातून पेंडीची उधारी फिटते, किराणा येतो, पोरीचा एसटीचा पास निघतो, गायीच्या कर्जाचा हप्ता जातो. त्या दहा दिवसांत डेअरीला नफा झाला की तोटा, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. ती कुणाची उपकृत नाही. तिने दूध घातलंय.

याच पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावहून कारखाना आणला. तिथे लोखंडी नांगर झाले हे सगळे सांगतात. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की शेतात राबणारी माणसं साचा भरायला, लोखंड ओतायला, लेथ चालवायला शिकली. बाक मोडतं, रुग्णवाहिका भंगारात जाते, शिकलेला हात माणसाबरोबर राहतो. इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. पुढे माग वाढत गेले तसं साइझिंग (सुताला खळ लावणं), वार्पिंग (ताण्याचं सूत गुंडाळणं), कांड्या भरणं, मागाची दुरुस्ती अशी कामं निघाली आणि शहर त्यावर जगायला लागलं.

आणि कारखाना गावात आहे म्हणून तो गावाचा, असंही नाही. कच्चा माल बाहेरून, मजूर ठेकेदाराचे, कँटीनची भाजीसुद्धा शहरातून, तर गावाच्या वाट्याला ट्रकची धूळ येते.

माझ्या काकांचं लेथचं लहानसं वर्कशॉप आहे. आमच्याकडच्या एका मोठ्या घराण्याच्या कारखान्याला ते पिना आणि बुश करून देतात. एका वर्षी त्यांचं बिल सात महिने अडकलं. त्याच दिवसांत त्या घराण्याने शाळेच्या वर्गखोल्यांना देणगी दिली, सत्कार झाला, काकाही समोर बसून टाळ्या वाजवत होते. त्या महिन्यात दोन कामगारांचा पगार त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून केला. त्या वर्गखोल्यांत काकांचेही पैसे आहेत, असं मी म्हणतो, आणि कुणाला कडू लागलं तरी शब्द मागे घेणार नाही.

2006 च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे अशा लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. आर्थिक वर्ष 2023-24 पासून आयकरातही मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. पण तक्रार करायची कुणी? ऑर्डर देणारं घर एकच.

म्हणून घरच्या धंद्यात नव्याने उतरलेली पोरं ‘गावासाठी काय करू?’ म्हणून विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी देण्यांची वही उघडायला सांगतो. आजूबाजूच्या वर्कशॉपवाल्याचं, टेंपोवाल्याचं, डबेवालीचं किती दिवसांचं थकलंय ते बघा. जे पार्ट बाहेरून येतात त्यांतले कुठले इथे होऊ शकतील, ते कारागिराबरोबर बसून ठरवा. दोन आयटीआयच्या पोरांना मशीनवर घ्या. शाळेला पत्रे त्यानंतर द्या. शाळा आणि वाचनालयं धंद्यातून आपोआप उभी राहत नाहीत, तिथे देणगीच लागते, हे मला मान्य आहे. क्रम तेवढा हाच ठेवा.

काकांचं बिल आठव्या महिन्यात आलं, मुद्दल तेवढं. पतसंस्थेचं व्याज त्यांनी खिशातून भरलं.