धोका आणि धक्का

अनोळखी माणसं घरात घुसतात आणि घरच्यांना ओलीस धरतात, असा थरारपट पाहिल्यावर बहुतेकांचा अभिप्राय एकच असतो: 'अंगावर आला'. हे अंगावर येणं मात्र दोन प्रकारचं असतं. कधी लैंगिक हिंसेचा धोका कथेत मुरलेला असतो, तर कधी प्रेक्षक दचकावा म्हणून लैंगिकता मध्येच फेकलेली असते. पहिल्याला धोका म्हणू, दुसऱ्याला धक्का.

घोटाळा होतो तो मोजमापात. जास्त दाखवलं की धक्का आणि झाकलं की संयम, असं आपण धरून चालतो. सॅम पेकिनपाच्या 'स्ट्रॉ डॉग्ज'ची (१९७१) हकिकत या समजाला सुरुंग लावते. त्यात नायिका एमीवर तिच्याच घरात दोन पुरुष एकामागून एक अत्याचार करतात. पहिल्या वेळी तिचा विरोध मावळल्यासारखा दिसतो आणि 'तिलाही हवंच होतं' असा घातक अर्थ काढायला जागा राहते. दुसऱ्या वेळी ती जागाच उरत नाही. अमेरिकेतल्या प्रतीत कात्री लागली ती नेमकी या दुसऱ्या भागाला. १९९९मध्ये ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने व्हिडिओसाठी ही कापलेली प्रत नाकारली आणि २००२मध्ये संपूर्ण प्रत मंजूर केली. कमी दाखवणारी प्रत जास्त आक्षेपार्ह ठरली. (पहिल्या भागाबद्दलची माझी तक्रार त्याने मिटत नाही. तिथे पेकिनपा दुटप्पी वागतो, असंच मला वाटतं.)

मग ओळखायचं कसं? मी आधी कॅमेरा कुठे रोखलाय ते पाहतो. मिशाएल हानेकेच्या 'फनी गेम्स'मध्ये (१९९७) घुसखोर बाईला कपडे उतरवायला लावतात, आणि तसं सांगायला नवऱ्यालाच भाग पाडतात. चौकटीत मात्र चेहरे आहेत, शरीर नाही. इथे लैंगिकता म्हणजे मालकी गाजवण्याचं हत्यार: घर आमचं, तुमची लाजही आमच्या ताब्यात. पाहायला आलेल्या प्रेक्षकाला पाहायला काही मिळत नाही, आणि आपण कशाची वाट पाहत होतो हे कळून तोच ओशाळतो. धक्कापटात याच प्रसंगात कॅमेरा घुसखोराच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

दुसरं, सिनेमाला झालेलं आठवतं का? धक्क्याला स्मरणशक्ती नसते. दहा मिनिटांनी ती बाई जिन्यावरून पळत असते आणि तिच्यावर काय गुदरलं याचा मागमूसही नसतो. एमी मात्र नंतर चर्चमधल्या समारंभात बसलेली असताना तो प्रसंग तुकड्यातुकड्यांनी तिच्या डोळ्यांपुढे येत राहतो. नवरा शेजारीच असतो आणि त्याला काहीच ठाऊक नसतं. शेवटी तो घर जिवाच्या आकांताने लढवतो, पण या अत्याचाराचा सूड म्हणून नव्हे. सूडाचं समाधानही पेकिनपा आपल्याला देत नाही.

लैंगिकता आमिष म्हणून येते तेव्हा हिशेब थोडा बदलतो. एली रॉथच्या 'नॉक नॉक'मध्ये (२०१५) पावसात भिजलेल्या दोन तरुणींना नवरा स्वतःच दार उघडतो. बायको-मुलं घरी नसतात. मोहापर्यंतचा भाग चांगला ताणलाय, कारण दाराची कडी त्यानेच काढलेली असते. पुढचा छळ बराचसा नुसता धक्काच आहे.

पॉल व्हरहूव्हनच्या 'एल'पाशी (२०१६) माझी ही कसोटी डगमगते. सिनेमा सुरू होतो तोच अत्याचाराच्या आवाजाने, पडदा काळा असताना. आधी ओळख नाही, तयारी नाही. म्हणजे वरवर पाहता शुद्ध धक्का. मग हल्लेखोर निघून जातो. नायिका (इझाबेल ह्यूपेर) उठते, फुटलेल्या क्रॉकरीचे तुकडे झाडून गोळा करते, आंघोळ करते आणि फोनवरून सुशी मागवते. पोलिसांना फोन करत नाही. पुढचे जवळपास दोन तास आपण तिच्या या शांतपणाचा अर्थ लावत बसतो.