केबिनमधला दाब घसा उघडा का ठेवत नाही?

‘विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखलेलाच असतो, मग सीपॅप मशीन कशाला न्यायचं?’ स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास पुन्हापुन्हा थांबण्याचा विकार असलेले आणि त्यासाठी मास्कमधून दाबाने हवा सोडणारं हे मशीन वापरणारे प्रवासी हा प्रश्न नेहमी विचारतात. त्याचं उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे आणि ते फार सुंदर आहे.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे सरकतो. श्वास आत ओढताना घशातला दाब किंचित घटतो आणि सैल भिंती एकमेकींना चिकटतात. १९८१ साली सिडनीत कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकावाटे सतत हवा सोडून या भिंतींना आतून आधार दिला. आजचं मशीन तेच करतं. त्याचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाच्या दाबात मोजतात, साधारण ४ ते २०. दहा सेंटिमीटर म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाचा जेमतेम एक टक्का! एवढ्यावर भागतं, कारण हा जादा दाब फक्त घशाच्या आत असतो, मानेच्या बाहेर नसतो. केबिनचा दाब आत-बाहेर सारखाच असतो. तो कितीही वाढवला तरी घशाच्या भिंतीवरचा फरक शून्यच राहतो.

उलट केबिनमध्ये मशीनची गरज वाढते. तिथला दाब ८,००० फुटांवरच्या हवेइतका, म्हणजे समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असू शकतो. निरोगी माणसाच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाणही तिथे नव्वद टक्क्यांच्या किंचित वर येतं. श्वासातला ऑक्सिजन घटला की रक्तातला किती घटतो हे दाखवणारा आलेख इथूनच तीव्र उताराला लागतो, म्हणून जमिनीवर थोडक्यात निभावलेला, २० सेकंद श्वास थांबण्याचा प्रसंग विमानात जास्त खोल घसरण घडवतो. सीपॅप ऑक्सिजन पुरवत नाही, केवळ वाट मोकळी ठेवतो. डॉक्टरांनी वेगळा ऑक्सिजन सांगितला असेल तर त्याची विमान कंपनीकडून परवानगी वेगळी घ्यावी लागते.

विरळ हवेत मशीनच्या पंख्यालाही जास्त राबावं लागतं. पंख्याचा दाब हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. घनता पाऊण झाली की तोच दाब राखायला वेग सुमारे १५ टक्क्यांनी वाढवावा लागतो. मास्कच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडणाऱ्या हवेचं आकारमानही तितकंच वाढतं, म्हणजे हवा ढकलायला लागणारी शक्तीही १५ टक्के जास्त. नवी मशीन नळीतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक मोजून वेग आपोआप जुळवतात. काही जुन्या मशीनमध्ये उंची हाताने निवडावी लागते, ती सेटिंग निघण्यापूर्वी शोधून ठेवावी.

हाच हिशोब ‘नाकात बसवा, नळी विसरा’ अशा जाहिरातींतल्या इवल्याशा पंख्यांना लावून पाहा. मिनिटाला ३० लिटर हवा, दहा सेंटिमीटर दाब: नुसत्या हवेला अर्धा वॅट. आठ तासांना ४ वॅट-तास, तेही पंख्यात काहीच ऊर्जा वाया गेली नाही असं धरून. नाकपुडीत मावणाऱ्या बॅटरीत एवढी ऊर्जा नसते. ही खेळणी घेऊन उपचार थांबवणं धोक्याचं आहे.

खरी अडचण बॅटरीची. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास: २४ व्होल्ट, ४ अँपिअर-तास म्हणजे ९६. शंभरपर्यंतच्या लिथियम बॅटरीला सहसा परवानगी लागत नाही. १०० ते १६० मधल्या जास्तीच्या दोनच नेता येतात, त्याही कंपनीच्या मंजुरीने. सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवाव्यात, टोकांवर चिकटपट्टी लावून. ह्युमिडिफायर (पाणी तापवून हवा दमट करणारा भाग) आणि गरम नळी बंद ठेवून मशीन सरासरी १० वॅट घेत असेल, तर ९६ वॅट-तास जमिनीवर नऊ तासांच्या आसपास चालतात, हवेत जरा कमी. ह्युमिडिफायर चालू केला की हीच बॅटरी दोन-तीन तासांत संपू शकते. अनेक कंपन्या उड्डाणाच्या दीडपट वेळेची तरतूद मागतात, म्हणजे १४ तासांसाठी २१ तासांची. पॉवर बँक वापरायला काही कंपन्यांची बंदी असते, म्हणून वैद्यकीय उपकरणाची बॅटरी म्हणून निदान ४८ तास आधी लेखी मंजुरी घ्यावी. सीटजवळच्या सॉकेटवर विसंबू नये. मर्यादेपेक्षा भार वाढला की तो बंद पडतो. बॅटरीला इन्व्हर्टर न जोडता मशीनची डीसी केबलच (बॅटरीतून थेट वीज घेणारी) वापरावी, नाहीतर दोनदा रूपांतर होऊन ऊर्जा वाया जाते.

ह्युमिडिफायरची टाकी घरीच रिकामी करून सुकवावी. हेलकाव्यात पाणी मोटरमध्ये शिरलं तर मशीन बंद पडू शकतं. काही मॉडेलना टाकी काढल्यावर त्या जागी झाकण लागतं. ते विसरलं तर हवा तिथूनच निसटते आणि मास्कपर्यंत दाब पोचत नाही. केबिनची हवा अतिशय कोरडी असते, म्हणून नाकात पाण्यावर आधारित सलाइन जेल लावावं. मशीन पुढच्या सीटखाली ठेवताना हवा ओढायचं तोंड ब्लँकेटने झाकलं जाणार नाही हे पाहावं. हनुवटी छातीवर पडली की मास्क असूनही घसा चिमटतो, तेव्हा मानेची उशी पुढून, हनुवटीखाली येईल अशी बांधावी.